बुडबुडे

मानवत रोडला माझं पंचरचं दुकान.
हवा हाच धंदा.
ट्यूब पाण्यात दाबायची,
बुडबुडा उठेल तिथं बोट ठेवायचं.
कापसानं फुगलेला ट्रॅक्टर नुसता समोरून गेला
तरी कोणत्या टायरात हवा कमी
ते मी न बघता सांगतो.

आणि दुकानामागच्या खोलीत
सात आठवड्यांची पोर हवेसाठी झगडत होती,
ते मला दोन दिवस ऐकू आलं नाही.

सुरुवात थोरल्याच्या नाकापासून.
अंगणवाडीतून शेंबूड घेऊन आला,
बाहीला पुसला
आणि बहिणीचा पापा घेतला.
कोण रागावणार? कौतुकच केलं आम्ही.
मग परतूरचे मामा.
खोकत खोकत तिला मांडीवर घेतलं,
मुठीत दहाची नोट दिली.
ती नोट अजून पाळण्यातल्या गोधडीखाली आहे.

आधी शिंका. मग खोकला.
तिसऱ्या रात्री दोन घोट प्यायची,
सोडून द्यायची, दमायची,
जसं दूध पिणं म्हणजे गड चढणं.
मथुराकाकू म्हणाल्या, "डबा झालाय. बिबा फुलवा."
ओव्याची धुरी दिली, खोली धुरानं भरली.
शेजारी म्हणाला, "हिवाळाय, समद्याच लेकरांला होतंय."
खरं होतं ते.
सगळ्यांनाच होतं,
म्हणून कुणी वाकून बघत नाही.

सकाळी आशा कार्यकर्त्या रुखसाना आपा आल्या.
आधी हात धुतले. बिबा बाजूला ठेवायला लावला.
"झबलं वर करा."
मग घड्याळाकडं बघत गप्प.
मी म्हणालो, "काय बघायलात?"
त्यांनी बोट वर केलं: थांबा.
पूर्ण एक मिनिट.
एवढं लांब मिनिट मी कधी बघितलं नव्हतं.

"अडुसष्ट," त्या म्हणाल्या.
"या वयात साठाच्या वर गेलं
की घरी ठेवायचं नसतं, भाऊ.
आणि हे दिसतंय का?"
बरगड्यांखाली, दर श्वासाला,
एक खड्डा पडत होता.
रात्रभर मीच तो झाकून ठेवला होता,
तिला थंडी वाजू नये म्हणून.

एकशे आठ आली. परभणी.
भिंतीला पाण्याची बाटली,
बाटलीतून नळी तिच्या नाकाशी,
पाण्यात बुडबुडे.
माझा हात आपोआप पुढं गेला,
गळती शोधायला.
"अहो, हात नका लावू," सिस्टर ओरडली,
"त्याच्यावरच चाललंय तिचं."

बारा वर्षं बुडबुडा म्हणजे नुकसान.
त्या पाच रात्री
तो थांबू नये म्हणून मी जागा होतो.

डॉक्टर म्हणाले, विषाणू आहे.
मोठ्यांना तो नुसती सर्दी देऊन जातो.
हिच्या छातीतल्या नळ्या किती बारीक, त्यांनी कागदावर काढून दाखवलं.
मला एवढंच कळलं:
व्हॉल्व्हच्या पिनेहून बारीक, आणि आत चिखल.
औषधापेक्षा वेळेला किंमत आहे, म्हणाले.
पलीकडच्या खाटेवर पाथरीचं लेकरू होतं.
चौथ्या पहाटे त्याच्या बाटलीतलं पाणी
गप्प झालं.
त्याच्या आईनं टोपडं घडी घालून पिशवीत ठेवलं,
पुन्हा काढलं, पुन्हा घडी घातली.

आमची आली घरी.

आता थोरला आधी हात धुतो, मग पाळणा हलवतो.
मामा मागच्या महिन्यात नाक ओढत आले,
तर कौशल्यानं उंबऱ्यातच चहा दिला.
रुसले. रुसू द्या.

काल एक जोडपं आलं, मागचं चाक बसलेलं.
बाईच्या खांद्याशी शालीत गुंडाळलेलं तीन महिन्यांचं पोर.
खोकलं.
मी हातातली ट्यूब पाण्यात सोडली.
"ताई, जरा शाल बाजूला करता?"
नवरा म्हणाला, "तुम्ही पंचर काढा ना."
मी बोट वर केलं.
पूर्ण एक मिनिट, रस्त्याच्या कडेला,
दोन ट्रक गेले, तरी मोजत राहिलो.

बेचाळीस. पोट शांत. ओठ गुलाबी.
"दूध पितंय का नीट?"
"पितंय."
"पन्नासच्या वर गेलं, नाहीतर प्यायचं थांबलं,
तर उद्याची वाट बघू नका."

खोकत होता तो नवराच.
म्हटलं, तोंडाला रुमाल बांधा.
मग पंचर काढलं.
पन्नास रुपये.